नेपाळची रेघ, आपली रेघ

१२ जानेवारी

प्रफुल बाबू,

दर रविवारी तू फोन करतो, माय कशी आहेस म्हणतो, अन् मी तुझ्या पोरीचं, दिव्यानीचं नाव काढलं की फोन कापतो. मागच्या रविवारी तर मी नुसतं "दि" म्हटलं, पुढं दिवा म्हणायचं होतं, देवाजवळचा दिवा फुटला ते सांगायचं होतं, तरी कापला. म्हणून हा कागद. कागद कापता येत नाई, फाडावा लागते. अन् तू सारी उमर गुरुजी राह्यला, लिहिलेला कागद तुझ्या हातानं फाटत नाई हे मले माहीत आहे.

मी दुसरीपर्यंत शिकली, बाकीचं साक्षरतेच्या वर्गात. ऱ्हस्वदीर्घ चुकलं तर लाल शाई काढू नको. आधी वाच.

खुशाली अशी. धान घरात आला. धान निघालेल्या बांधीत लाखोळी हिरवीगार आहे, सूनबाईले, माधवीले सांग भाजी वाळवून ठेवली. रुखमाच्या बकरीले दोन पिल्लं झाले, एक पांढरं, एक अर्धं काळं, अन् रुखमा मले म्हणते हे अर्धं तुझ्यावर गेलं. गुडघा बरा आहे. बरा म्हणजे काय, तो आपल्या जागी आहे.

आता जे सांगायचं ते. दिव्यानी नागपूरच्या होस्टेलात आहे असं तुले वाटत असंल. ती तिथं नाई. महिना झाला, माझ्याजवळ आहे. तुझ्या जुन्या खोलीत, तुझ्याच टेबलावर काम्पूटर मांडून बसली आहे. बाबू, मले केवढा आनंद आहे तुले कसं सांगू! तुझा बाप गेल्यापासून सकाळी ह्या घरात माझ्या एकटीचा खोकला होता. आता दोन खोकतात. मी चाय मांडते, ती कोरी पिते, मी म्हणते दूध घाल, ती म्हणते आजी नको, मी घालून देते, ती पिते.

पण तिचं एक काम अडून आहे अन् ते तुझ्यापाशी अडून आहे. ती अन् जावई निकेश वर्षभर वेगळे राह्यले. दोघाइलेही वेगळं व्हायचं आहे, भांडण नाई. वकिलानं कागद केला. निकेशनं सही करून ठेवली. १७ मार्चले चंद्रपूरच्या कोर्टात जायचं अन् हिनं सही करायची. ही करत नाई. मी विचारलं काऊन व? तर म्हणते, "बाबा एकदा तोंडानं 'कर' म्हणाले पाहिजे. नाई तर मी जाते परत ऊर्जानगरले, निकेशपाशी."

दोन महिने आहेत. तुले कोसभर चालायचं नाई, फोन करायचा आहे.

माय


२६ जानेवारी

प्रफुल बाबू,

झेंडावंदनाले शाळेत गेली होती. तुझ्यासारखं भाषण कोणाचंच होत नाई. नवे गुरुजी मोबाइलात पाहून वाचतात.

तू फोनवर म्हणाला, "त्या अभ्यासानंच तिचं घर मोडलं." मग कापला. तर मी तुले तो अभ्यास सांगते, कारण तू बाप असून तिले कधी विचारला नाई, अन् मी रोज सोलतानिवडताना ऐकते.

देश दोन. एक आपला, एक नेपाळ. दोन्ही शेजारी, बांधाले बांध. देव जवळपास सारखे, लग्नं सारखी, सासवा सारख्या. तर नवराबायको वेगळे होण्याचं प्रमाण कोणत्या देशात किती, अन् मागच्या वीसतीस वर्षांत ते कसं चढलं, हे ती लावून पाहते. काम्पूटरवर दोन रेघा आहेत. लाल नेपाळची, निळी आपली. चढतात दोन्ही, पण लाल उभी होत जाते, निळी म्हशीसारखी बसली आहे. नेपाळात तरणे पोरं अरबात, मलेशियात कामाले जातात, बाया मागं राहतात, कायदाही बदलला, अशी दहा कारणं ती सांगते. पण आपली रेघ एवढी खाली कशी, हे तिले सुटून नाई राह्यलं. मी म्हटलं, "आपल्या बाया सुखात असतील." ती माझ्याकडे पाहून हासली. मीही हासली.

निकेशची मायही तुझ्यासारखंच म्हणे, सारा दिवस घटस्फोट घटस्फोट लिहिते, मग घरात दुसरं काय येईल? असं असतं तर टीबीच्या दवाखान्यातली नर्सबाई कधीच गेली असती. अन् तू तीस वर्षं भूगोल शिकवला, सारी दुनिया फळ्यावर काढली, तू कुठी पोचला? चंद्रपूरले.

आता जे तिनं मले सांगितलं अन् तुले अर्धंच सांगितलं ते. मागच्या साली तिले पंधरा दिवस नेपाळच्या सरहद्दीवर जायचं होतं, तिथल्या बायांशी बोलायले. तिकीट काढलं होतं. निकेश म्हणे नको जाऊ. ती म्हणे जाते. सकाळी तो ड्युटीवर गेला तो क्वार्टरले बाहेरून कुलूप लावून. संध्याकाळी आला, उघडलं, जेवला, झोपला. दुसऱ्या दिवशी पुन्हा कुलूप. मारलं नाई. शिवी दिली नाई. तिची गाडी निघून गेली तेव्हा किल्ली टेबलावर ठेवली अन् म्हणे, "झालं ना आता? राग सोड, चाय मांड."

तिनं आतून तुले फोन केला होता. तू म्हणाला, "कुलूपच लावलं ना? घरातच होती ना?"

बाबू, लहानपणी तू कणगीत अडकला होता, आठवते? पाव घंटा. तीन दिवस ताप उतरला नव्हता तुझा.

माधवीले आशीर्वाद. तिले म्हण बोरं वाळवून राह्यली, पाठवते.

माय


९ फेब्रुवारी

प्रफुल बाबू,

मले काम लागलं! ह्या उमरीत! तू हास, पण दिव्यानीनं मले रजिस्टर आणून दिलं, निळ्या पुठ्ठ्याचं, अन् त्याच्यावर लिहिलं: गुणाबाई, गाव मोजणी.

झालं असं की ती म्हणाली, "आजी, कोर्टातून झालेला घटस्फोट तेवढा कागदावर येते. नुसत्या सोडून राहणाऱ्या बाया आपल्या देशात त्याच्याहून जास्त निघतात. अन् खेड्यात जे आधी पंचासमोर काडीमोड होत होते, ते तर कुठंच नाई." तुले माहीत आहे ना काडीमोड? पंच बसतात, नवराबायको गवताची एक काडी दोन बाजूनं धरतात, मोडतात, संपलं. शाई नाई, शिक्का नाई. मी म्हटलं, "मग मोजत काऊन नाई कोणी? मी मोजते."

पण मोजायचं कुठी? संक्रांतीच्या हळदीकुंकवाले सवाशिणी येतात, तिथं सोडलेली कशी सापडंल? घरोघरी गेली तर सून पडद्यामागून ऐकते. मग डोकं चाललं. लाखोळीची भाजी खुडायले साऱ्या म्हाताऱ्या बांधीत येतात. ओणवं बसून हात चालत राहते, कोणी कोणाच्या तोंडाकडे पाहत नाई. अशा वेळी बाई खरं बोलते. चार दिवस मी भाजी कमी अन् बाया जास्त खुडल्या.

साठीच्या वरच्या अठ्ठावन्न म्हाताऱ्या आपल्या गावात. काडीमोड झालेल्या अकरा! दिव्यानी खुर्चीवरून उठलीच. म्हणे, "आजी, अकरा? कागदावर कुठी गेल्या ह्या?"

कुठी गेल्या ते मले रुखमानं सांगितलं. ते तुले सांगणं भाग आहे. २०११ ची जनगणना आठव. तू तेव्हा गावच्याच शाळेत होता अन् ह्या साऱ्या घरांचा फॉर्म तू भरला. रुखमा भरल्या बांधीत म्हणते कशी, "गुणे, तुया गुरुजीनं मले इचारलं, मावशी, नवरा? म्या सांगतलं, सोडला. तं तो म्हणे, मावशी, असं लिवलं तं बरं नाई दिसत, विधवा लिवतो. अन् माया नवरा तवा सिंदेवाहीले पान खाऊन फिरून राह्यला होता!"

साऱ्या बाया हासल्या. रुखमा थांबते का? "मंग बाजारात भेटला मले तो. म्या म्हटलं, अरे, तू सरकारात मेला ना बापा. तं म्हणे, मेलो तं तेरवी घाल, जेवाले येतो!"

मीही हासली, पोट दुखेपर्यंत. मग घरी येताना हासू आलं नाई. असं विचारत गेली तर चार जणी निघाल्या ज्यांचे नवरे तू लिहून मारले. कोणाले विचारून नाई. चांगल्या मनानंच केलं तू, मले माहीत आहे. मावशीची अब्रू जाऊ नये म्हणून. पण बाबू, तिची गेली नव्हती. ती तर बांधीत बसून हासून राह्यली होती. लाज तुले वाटली, अन् फॉर्म तिचा होता.

तुझी पोरगी तीन वर्षं शोधून राह्यली की आपली रेघ नेपाळच्या खाली काऊन. सारं कारण नाई, पण एक गावचं कारण तिच्या बापाच्या हातात निघालं. मी तिले "एक गुरुजी" एवढंच सांगितलं. नाव नाई सांगितलं. ते तू सांगशील तर सांग.

उद्या रजिस्टरच्या दुसऱ्या पानावर रेघा मारायच्या आहेत. पट्टी सापडत नाई, लाटण्यानं मारते.

माय


२३ फेब्रुवारी

प्रफुल बाबू,

तुझा फोन आला. रविवारही नव्हता. तू ओरडला, "माय, सात पिढ्यांत आपल्या घरात असं झालं नाई. अन् तू गावभर काय विचारत फिरतेस? पोरीले तू बिघडवून राह्यली." ह्या वेळी मी कापला. दूध उतू चाललं होतं हे खरं, पण दूध उतरवूनही बोलता आलं असतं.

त्यानंतर चार दिवस मी विचार केला अन् पाचव्या दिवशी रुखमाले घेऊन वैनगंगेपल्याड गेली. दिव्यानीचे देश दोन, तर माझे काठ दोन. तिनं शेजारी पाहिला, मीही शेजारी पाहावा. ब्रह्मपुरीहून काळीपिवळी जीपमध्ये बसलो. चौदा माणसं अन् एक कोंबडा. पूल ओलांडून वडसा, तिथून आटोनं आत एका गावाले. हेच गाव काऊन निवडलं ते पुढं येते. तू पान उलटवू नको, ओळीनं वाच.

तिथं एका अंगणात म्हातारा खाटेवर बसून दोर वळत होता. रुखमानं मले कोपर मारलं. मी म्हटलं, "रामराम."

तो म्हणे, "कोन व बाई?"

"मी गुणा. ब्रह्मपुरीकडची."

दोर थांबला. त्यानं वरून खालपर्यंत पाह्यलं. म्हणे, "गुणा! मंग? परत आली का काय?"

आतून त्याची बायको आली, हाताले पीठ. तिनं ऐकलंच होतं. म्हणे, "आली असन तं ठेवून घ्या वो. मी चूल फुकू फुकू थकली. कुठी ठेवतेस व पिशवी?"

आम्ही चौघं असे हासलो की शेजारची सून भिंतीवरून डोकावली. मग तिनं चाय केली, त्यात आलं होतं, अन् तिनंच मले घरोघरी नेलं अन् मोजणी करून दिली. सत्तेचाळीस म्हाताऱ्या, काडीमोड चौदा. म्हणजे त्या काठाची रेघ आपल्यापेक्षा उंच. दिव्यानी म्हणते एवढ्याशा मोजणीवर काही सिद्ध होत नाई. नाई तर नाई. मी मोजलं.

तो म्हातारा सुकलू. तो माझा पहिला नवरा, प्रफुल.

आता दोन घोट पाणी पी अन् पुढं वाच.

पंधराव्या वर्षी माझ्या बापानं मले चिमूरकडून त्या गावात दिली. सतराव्या वर्षी पंचासमोर आम्ही दोघाइनं काडी मोडली अन् मी भावाच्या बैलगाडीत परत आली. दोन वर्षांनी तुझ्या बापासंग माझा पाट लागला. पाटाले, म्हणजे बाईच्या दुसऱ्या लग्नाले, वाजंत्री नसते, हार नसते, एक लुगडं अन् पाच माणसं. तेवढ्यावर आमचे शेचाळीस वर्षं झाले अन् एक दिवस मी त्याच्या ताटावरून उठून गेली नाई. तुझ्या बापाले सारं माहीत होतं. गावातल्या साऱ्या म्हाताऱ्याइले माहीत होतं. पण पोराच्या तोंडावर त्याच्या मायचं कोण सांगते? तुझा बापच म्हणे, "गुरुजी होऊन राह्यला आहे, त्याच्या सोयरिकीत आडवं येईल, राहू दे." मी राहू दिलं. लपवलं, असं म्हण. मीही तुझ्यासारखाच फॉर्म भरला, शाई नव्हती एवढंच.

आपल्या गावच्या अकरातली अकरावी मी आहे.

सात पिढ्यांचं सोड बाबू, तू पहिल्या पिढीतच अडकला.

माय


९ मार्च

प्रफुल बाबू,

दोन रविवार झाले, फोन नाई. माधवीचा आला होता. म्हणे पत्र शर्टाच्या खिशात घालून फिरतात, दोन घास खाऊन उठतात. तिले मी म्हटलं, वालाची भाजी कर, त्याच्यावर तू उठत नाई.

मोहाची फुलं पडायले लागली. पहाटेचा वास घरापर्यंत येते. वाघीण अन् तिचे पिल्लं नाल्याकडे दिसले म्हणून आम्ही चौघी चौघी मिळून वेचतो, तिघी वेचतात, एक वाघ दूर राहावा म्हणून बोलत राहते. बोलायचं काम माझ्याकडे आहे.

काल घरी आली तर दिव्यानीनं बॅग भरली होती. काम्पूटर बंद. म्हणे, "आजी, मी निकेशले फोन केला. सोमवारी जाते. बाबा जेवत नाई म्हणून आई रडत होती. माझ्यापायी त्यांचं बीपी वाढलं तर?"

मी टोपली खाली ठेवली. मले राग आला, पण राग कोणावर करावा? मी म्हटलं, "तुझ्या बापानं जेवण तुझ्यापायी सोडलं नाई. माझ्यापायी सोडलं." अन् मग जे तुले लिहिलं ते सारं तिले सांगितलं. सुकलूचं, बैलगाडीचं, पाटाचं. ती माझ्यासमोर भुईवर बसली. मले वाटलं रडंल. तर म्हणते, "आजी, मी हे प्रबंधात लिहू?"

"नावासकट लिही."

"नाव नाई लिहीत. नंबर देतात."

"मग मले एक नंबर दे. रुखमाले दोन. ती भांडंल, पण दोनच दे."

ती हासली. पण बॅग उघडली नाई. तशीच दाराजवळ आहे. म्हणे, "आजी, तुझं ऐकून मले धीर आला. पण सही नाई होत माझ्यानं. हात उचलला की बाबांचा चेहरा येते." आता ह्याले मी काय करू? माझा चेहरा आला असता तर मी तिले सांगितलं असतं, मरू दे, कर सही. पण तिच्या डोळ्यासमोर तू येतो, अन् तुझं तोंड बंद आहे.

तर ऐक. मी तुले आता विनवत नाई. ऊर्जानगरची सोमवारची बस मी चुकवणार. कशी ते माझं मी पाहीन, गुडघा आहे, कामाले येते. अन् १७ मार्चले मी अन् रुखमा तिले घेऊन चंद्रपूरले येऊ. दहा वाजता कोर्टाच्या दारात असू. तू आला नाई तरी मी तिच्या बाजूले बसणार, अन् तिनं सही केली नाई तर पुढची तारीख मागणार, अन् पुन्हा बसणार. माझ्याजवळ आता दुसरं काही काम नाई. मोह महिनाभर पडते, मग मी मोकळी.

तुले मायचा राग आला असंल. येऊ दे. पण तो राग कोणाचा, ते नीट पाह्य. माझा आहे, तर माझ्यावर ठेव. पोरीवर टाकू नको. ती त्याच्यात नव्हती, जन्मलीही नव्हती.

माय


२४ मार्च

प्रफुल बाबू,

आठ दिवस थांबली. वाटलं, काल रविवार होता, फोन येईल. नाई आला. बरं आहे. मी लिहिते.

त्या दिवशी आमची बस अर्धा घंटा उशिरा. कोर्टाच्या फाटकापाशी तू उभा दिसला, बगलेत हेल्मेट, इस्तरीचा शर्ट. रुखमा ओरडली, "गुणे, तुया गुरुजी!" मी तिचा हात दाबला. तू माझ्याकडे पाह्यलं नाई. माझ्या बाजूनं गेला, माझ्या लुगड्याले तुझी बाही लागली, तरी पाह्यलं नाई. दिव्यानीसमोर उभा राह्यला. तू म्हणाला, "जेवली का?"

ती म्हणे, "नाई."

"मग आधी सही कर. नंतर जेवू."

एवढंच. रुखमाले ते कमी वाटलं, ती बसमध्ये म्हणे, वर्षभरानं बोलला तं काई तं चांगलं बोलाव. मी म्हटलं, तुले कळत नाई, आमच्या घरात ह्याच्याहून मोठं कोणी बोललं नाई आजवर.

निकेश पोरगा आपला कोपऱ्यात उभा होता. त्यानं मले वाकून नमस्कार केला. मी आशीर्वाद दिला, काऊन नाई द्यायचा? सहा महिन्यांनी आणखी एक तारीख आहे, मग सुटतील दोघं. ती सही करून बाहेर आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी तुले लिहू शकत नाई, तेवढं मले शिकवलं नाई कोणी. तू पाह्यलंच. मग तू तिले गाडीवर बसवून घेऊन गेला, जेवाले, घरी, तिच्या मायले भेटवाले. आम्ही दोघी बाकावर राह्यलो. तू मागं वळला नाई.

रुखमाच्या डोळ्यात पाणी आलं. माझ्या नाई. बसभर मी गाणं म्हणत आली, कंडक्टर म्हणे, आजी, लग्नाहून आली काय? मी म्हटलं, नाई बापा, कोर्टातून!

तू माझ्याशी बोलत होता अन् तिच्याशी नाई. आता तिच्याशी बोलतो अन् माझ्याशी नाई. हा सौदा मले मंजूर आहे, प्रफुल. मले कोणी आधी विचारलं असतं तर मी हाच केला असता. माझे किती रविवार राह्यले, अन् तिचे किती आहेत!

ती परवा परत आली. बॅग रिकामी करून कपाटावर टाकली. काम्पूटर सुरू आहे. नव्या पानावर माझा नंबर एक लागला, मी पाह्यला. तिनं सांगितलं की तू तिच्याजवळ कबूल झाला, त्या चार विधवा तू लिहिल्या. तिले म्हणाला, पुढच्या मोजणीत मले काम मिळालं तर जे सांगतील तेच लिहीन. मले नाई सांगितलं, तिले सांगितलं. चांगलं केलं.

अन् आणखी एक सांगितलं. गाडीवर, सिग्नलले थांबले असताना, तू तिले विचारलं, "त्यानं मारलं होतं का आजीले?" ती म्हणाली, "आजीले विचारा." तू विचारणार नाई. म्हणून विचारलं असं धरून सांगते.

नाई बाबू. एक बोट लावलं नाई त्यानं. उपाशी ठेवलं नाई. दारू पीत नव्हता. सासू चांगली होती, माझे केस विंचरून देत होती. कुलूपही नव्हतं, त्या घराले दारच बांबूच्या ताटीचं. मले तिथं राहायचं नव्हतं. दोन वर्षं मी रोज सकाळी उठून पाह्यलं, आज राहावं वाटते का, अन् वाटलं नाई. सुकलूलेही ते दिसत होतं, म्हणून तो पंचापुढं आला.

पंचानं चार वेळा विचारलं, "कारण सांग बाई." मी चारही वेळा हेच सांगितलं. बाकीचे कुरकुरले, हे काय कारण झालं? तेव्हा त्याइच्यात जो सगळ्यात म्हातारा होता, दात नव्हते त्याले, तो धोतर सावरत उठला अन् म्हणे, "राहाचं नाई म्हनते ना ती? मंग आनखी काय आयकाचं आहे तुमाले?"

तुझी माय,
गुणा